'दशावतार' लावला आणि कमल हासन आला: एकाच नावाचे वेगळे पिक्चर, चुकीचा डाऊनलोड होतो त्यावर उपाय

हे खास करून ज्यांच्या गावात रेंज नाही आणि पिक्चर आधीच उतरवून न्यावे लागतात त्यांच्यासाठी लिहितेय, कारण आमच्याकडे हा प्रॉब्लेम दर सणाला येतो, कधी मी अडकते, कधी दीर अडकतात, एका गणपतीत जावेचा भाऊ अडकला. आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्र जवळ पण घर खाली वाडीत, फोनला एक दांडी आली तर आली, नाहीतर सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, चढून जायचं. म्हणून शिमगा, मे महिना आणि गणपती ह्या तिन्ही वेळेला चाकरमानी यायच्या आधी घरातलं जे कोण कामाला कणकवलीला जाईल ते तिथे बसून टॅबवर पाच-सहा पिक्चर डाऊनलोड करून आणतं. घरी आलं की टॅब वायरने टीव्हीला जोडायचा, टीव्ही ओटीवर, माणसं खळ्यात, पंचवीस-तीस जण तरी असतात. जेवणं आटपली, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या पुढे लावून झाल्या, प्ले केलं, आणि पिक्चर भलताच. नाव बरोबर, पिक्चर दुसरा. आता रात्री साडेनऊला कोण परत जाणार कणकवलीला.

शिमग्याला जे झालं ते सांगते म्हणजे नेमकं काय होतं ते कळेल. आमचे सासरे, आप्पा, तरुणपणी जत्रांमधून दशावतारात पेटी वाजवायचे, आता गुडघ्यांमुळे रात्रभर जत्रेत बसवत नाही. त्यांना कोणीतरी सांगितलं की दशावतारावर मराठी पिक्चर आलाय, दिलीप प्रभावळकर आहेत त्यात, तेव्हापासून महिनाभर ते मला आठवण करत होते. मी घाईत नाव टाइप केलं, पहिला जो आला तो उतरवला, पोस्टर एवढंसं, त्यावर चेहरेच चेहरे, मला वाटलं नाटकातली सोंगं असतील. आणि सुरुवातीला दहा-बारा मिनिटं कोणालाच संशय आला नाही, कारण तो पिक्चर सुरूच होतो बाराव्या शतकात, विष्णूची मूर्ती, देवळावरून वाद, एका माणसाला मूर्तीला बांधून समुद्रात सोडतात, सगळे हात जोडून बघत होते. मग एकदम अमेरिका, लॅब, विषाणूची कुपी. आप्पा म्हणाले, "ह्यो खयचो दशावतार? ह्यात संकासूर खंय आसा?"

तो होता २००८ चा तमिळ 'दशावतारम', हिंदीत डब केलेला. कमल हासनने दहा भूमिका केल्यात त्यात, बरोबर असिन, दिग्दर्शक के. एस. रविकुमार. पिक्चर चांगला आहे, पोरं शेवटच्या त्सुनामीपर्यंत बसली, पण आप्पा उठून आत गेले आणि मला ते फार लागलं. त्यांना हवा होता तो २०२५ चा, सुबोध खानोलकरांचा, त्यात प्रभावळकरांनी बाबुली मेस्त्री नावाच्या म्हाताऱ्या दशावतारी कलाकाराचं काम केलंय, आणि भरत जाधव, महेश मांजरेकर, सिद्धार्थ मेनन, प्रियदर्शिनी इंदलकर, अभिनय बेर्डे आहेत. नंतर शोधलं तर तिसराही एक 'दशावतार' निघाला, हिंदी कार्टून, विष्णूच्या अवतारांचं, तेपण २००८ चंच. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तर आधी हे सांगते की हा टॅबचा किंवा ॲपचा बिघाड नाही. मी कॅशे साफ केली, ॲप काढून परत टाकलं, भाषा मराठी करून बघितली, नवीन अकाउंट केलं, काही फरक पडत नाही. ॲपला आपण नाव देतो, ते नाव चारचार पिक्चरचं असतं, त्यातला एक ते पुढे करतं, बहुतेक वेळा नवा नाहीतर जास्त चाललेला. बोलून शोधलं तर अजून वाईट, कारण बोलताना स्पेलिंगचा फरकसुद्धा राहत नाही. 'किल्ला' बोललं की 'किला' येतो. 'किल्ला' म्हणजे अविनाश अरुणचा, आपल्या कोकणातला, वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे इकडे येतो तो, अमृता सुभाष आणि अर्चित देवधर, पार्थ भालेराव, २०१५ ला थिएटरला लागला. आणि 'किला' हा १९९८ चा हिंदी, दिलीपकुमारचा शेवटचा पिक्चर, बरोबर रेखा. एका 'ल'चा फरक. पावसाळ्यातलं कोकण बघायला बसलेल्या माणसापुढे हवेलीतला खून आला तर त्याने काय करायचं.

दीर विचारत होते की एकच नाव दोघांनी ठेवलेलं चालतं कसं. चालतं. नुसत्या नावाला आपल्याकडे कॉपीराइट मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१५ ला 'देसी बॉईज'च्या केसमध्ये हे स्पष्टच सांगितलं, तिथे एका लेखकाचं म्हणणं होतं की ते नाव त्याच्या कथेचं, आणि कोर्ट म्हणालं की नाव ही काही स्वतंत्र कलाकृती होत नाही, त्यातून हे शब्द तर सगळ्यांच्या रोजच्या वापरातले. निर्मात्यांच्या संघटनांकडे टायटल रजिस्टर करायची पद्धत आहे पण ती त्यांची आपसातली सोय. आणि हिंदी पिक्चरवाल्यांना एका शब्दाचं दणदणीत नाव लागतं, असे शब्द किती असणार, दहा-वीस वर्षांनी तेच फिरून येतात. 'अंदाज' चार वेळा आलाय. १९४९ चा मेहबूब खानचा, दिलीपकुमार, राज कपूर, नर्गिस. १९७१ चा रमेश सिप्पीचा, शम्मी कपूर, हेमा मालिनी आणि थोडा वेळ राजेश खन्ना. १९९४ चा डेव्हिड धवनचा, अनिल कपूर, जुही चावला, करिश्मा. २००३ चा अक्षयकुमार, लारा दत्ता, प्रियांका चोप्रा. चार पिक्चर, चार गोष्टी, एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. 'आँखें' निदान तीन वेळा, १९६८ ला धर्मेंद्र आणि माला सिन्हा, १९९३ ला गोविंदा आणि चंकी पांडे, २००२ ला अमिताभ, अक्षय, अर्जुन रामपाल, परेश रावल. त्यामुळे हे थांबेल अशी वाट बघण्यात अर्थ नाही, आपणच नीट शोधायचं.

आता मी काय काय करून बघितलं आणि कुठे फसलं.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच, नावापुढे हिरोचं नाव टाकायचं. बऱ्याच वेळा चालतो, पण जिथे फसतो तिथे जोरात फसतो. आमच्या जावेने मे महिन्यात 'बरसात' सांगितला, ती कॉलेजला असताना आलेला, बॉबी देओलचा. दिरांनी 'बरसात बॉबी देओल' असं टाकून उतरवला, लावला तर त्यात प्रियांका चोप्रा आणि बिपाशा बासू. जाऊ म्हणाली हा नाहीच, ट्विंकल खन्ना कुठाय. तर झालं असं की बॉबी देओलने ह्याच नावाचे दोन पिक्चर केलेत, दहा वर्षांच्या अंतराने. १९९५ चा राजकुमार संतोषीचा, ज्यात बॉबी हिरो म्हणून पहिल्यांदा आला आणि ट्विंकलचाही तो पहिलाच, आणि २००५ चा सुनील दर्शनचा, ही पूर्ण वेगळी गोष्ट. आणि हे सगळं चाललेलं असताना मोठी आई, म्हणजे आप्पांच्या मोठ्या भावाची बायको, ती म्हणते, "माका नर्गिसचो होयो." तिचा 'बरसात' १९४९ चा, राज कपूर, नर्गिस, प्रेमनाथ, निम्मी, शंकर-जयकिशनने संगीत दिलेला पहिला पिक्चर. एका घरात दोन वयाच्या दोन बायका आणि दोघींचा 'बरसात' वेगळा, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर.

अमिताभचं तसंच. 'दीवार अमिताभ' टाकलं तर १९७५ चा शशी कपूरबरोबरचा यायला पाहिजे, पण २००४ चाही 'दीवार' आहे आणि त्यातही अमिताभच, पाकिस्तानच्या कैदेत अडकलेल्या फौजींची गोष्ट, अक्षय खन्ना आणि संजय दत्त बरोबर. 'दोस्ताना बच्चन' टाका, दोन्ही येतील, १९८० च्यात अमिताभ, शत्रुघ्न सिन्हा, झीनत अमान, २००८ च्यात अभिषेक, जॉन अब्राहम, प्रियांका. बाप आणि मुलगा, आणि कंपनीसुद्धा एकच, धर्मा, जुना यश जोहरांनी काढलेला आणि नवा त्यांच्या मुलाने, म्हणून लोकांना वाटतं नवा हा जुन्याचा रिमेक असणार. नाही. जुन्यात एक पोलीस आणि एक वकील आणि मैत्रीत पडलेला संशय, नवा मायामीत घडतो. मावशी-आत्यांबरोबर बसून बघायला कुठला लावायचा हे आधी ठरवलेलं बरं.

म्हणून मी आता हिरो सोडून हिरॉईन विचारते. हिरो परत परत तेच येतात, हिरॉईन सहसा बदलते, आणि घरातल्या बायकांना हिरॉईन पक्की आठवते, तिची साडीसुद्धा आठवते. वरचे सगळे घोळ हिरॉईनच्या नावाने सुटतात, करून बघा.

मराठीत मात्र ह्यातही एक अडचण आहे, सोनाली कुलकर्णी. दोन आहेत. मोठी सोनाली 'दोघी', 'देऊळ', 'दिल चाहता है' मधली, आणि दुसरी 'नटरंग', 'हिरकणी' मधली. रोमनमध्ये दुसरी आपलं नाव शेवटी दोन 'ई' लावून लिहिते, पण आपण देवनागरीत टाइप केलं की दोघी एकच होतात आणि यादी एकत्र येते. आमच्या वाडीतल्या पोरींनी 'अगं बाई अरेच्चा' मागितला होता 'सोनालीवाला', तो म्हणजे २०१५ चा दुसरा भाग, त्यात मोठी सोनाली आहे, आणि उतरला २००४ चा, संजय नार्वेकरवाला, ज्याला बायकांच्या मनातलं ऐकू येतं. दोन्ही केदार शिंदेंचेच, पण गोष्ट पूर्ण वेगळी, नावापुढे दोन आकडा आहे म्हणून पहिल्याचं पुढचं काही नाही त्यात. उलट 'फिर हेरा फेरी' खरंच पुढचा भाग आहे. म्हणजे आकड्यावर पण भरवसा ठेवता येत नाही.

दुसरा उपाय साल. साल मिळालं तर जवळपास सगळं सुटतं, पण साल आठवतं कोणाला? मी आप्पांना विचारलं की कुठल्या सालचा, ते म्हणतात जुना. मोठी आई म्हणते आमच्या लग्नाच्या वेळचा. म्हणून मी साल विचारायचंच सोडलं आणि दुसरा प्रश्न धरला: कुठे बघितलेला? हा प्रश्न माझ्या अनुभवात सगळ्यात कामाचा आहे, बाकी काही नाही केलं तरी एवढं करा. गावात पडदा लावून बघितला की मुंबईला टॉकीजला, का दूरदर्शनवर शेजाऱ्यांकडे जाऊन, का व्हीसीआर भाड्याने आणून, का केबलवर, का मोबाइलवर. माणूस ते कधीच विसरत नाही आणि त्यावरून दशक निघतं.

उदाहरण देते. वरच्या घरातले काका 'हेरा फेरी' म्हणाले. आता कोणीही २००० चाच लावणार, प्रियदर्शनचा, अक्षयकुमार, सुनील शेट्टी, आणि परेश रावलचा बाबुराव, तो आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. मी लावायच्या आधी विचारलं, काका कुठे बघितलात? म्हणाले, "मी गिरणीत होतंय तेव्हा, संपाच्या आधी." बास. गिरण्यांचा संप जानेवारी १९८२ ला सुरू झाला, म्हणजे काकांचा 'हेरा फेरी' त्याच्या आधीचा, १९७६ चा प्रकाश मेहराचा, अमिताभ, विनोद खन्ना आणि सायरा बानू. तो उतरवून आणला, काका आणि त्यांच्या वयाचे चारजण खुर्च्या ओढून जवळ येऊन बसले. तसंच 'गोलमाल'. टीव्हीवर रविवारी बघितला म्हणाले तर १९७९ चा हृषीकेश मुखर्जींचा, अमोल पालेकर आणि उत्पल दत्त, मिशीवाला. पोरं म्हणाली तर २००६ चा रोहित शेट्टीचा, अजय देवगण, अर्शद वारसी, तुषार कपूर, शर्मन जोशी. नाव सोडलं तर दोघांत काही सारखं नाही.

काळापांढरा की रंगीत, हा प्रश्नपण मी विचारायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर लागतो, पण 'श्यामची आई'ला फसला. १९५३ चा आचार्य अत्र्यांचा, वनमाला आणि माधव वझे, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. आणि २०२३ ला सुजय डहाकेने केला तोही काळापांढराच आहे, ओम भूतकर साने गुरुजी आणि गौरी देशपांडे आई. इथे एक गोष्ट वेगळी लक्षात घ्या, हे दोन वेगळे पिक्चर असले तरी असंबंधित नाहीत, दोघांचं पुस्तक एक आणि श्यामही एकच, आपला दापोली तालुक्यातला पालगडचा. 'देवदास' तसा, १९५५ चा दिलीपकुमारचा आणि २००२ चा शाहरुखचा, कादंबरी एकच. 'डॉन', 'अग्निपथ' तसे. असा चुकीचा उतरला तर निदान गोष्ट तरी तीच बघायला मिळते, म्हणून रिमेकची मी एवढी काळजी करत नाही. रडू 'अंदाज' आणि 'बरसात'सारख्यांचं आहे, तिथे एकाच्या जागी दुसरा चालूच शकत नाही. 'खुबसूरत'मध्ये तर दोन्ही प्रकार आहेत, १९८० चा रेखाचा आणि २०१४ चा सोनम कपूरचा ह्यांचं नातं आहे, आणि मधला १९९९ चा संजय दत्त-उर्मिला मातोंडकरचा, त्याचा ह्या दोघांशी काही संबंध नाही.

सगळ्यात कठीण गेला तो 'शहीद'. २६ जानेवारीला शाळेतल्या मुलांना दाखवायचा होता, गुरुजींनी चिठ्ठीवर फक्त नाव लिहून दिलं. १९४८ चा दिलीपकुमार-कामिनी कौशलचा आहे, १९६५ चा मनोजकुमारचा आहे. दोन्हीत स्वातंत्र्याची चळवळ, दोन्हीत हिरो शेवटी जातो, म्हणजे गोष्ट विचारूनही उपयोग नाही, नुसतं 'देशभक्तीचा' म्हटलं की दोन्ही बसतात. गुरुजी म्हणाले भगतसिंगांचा. मग १९६५ चा पक्का, असं मला वाटलं. पण २००२ ला भगतसिंगांवर दोन हिंदी पिक्चर एकाच दिवशी, ७ जूनला, लागले होते, एक अजय देवगणचा 'द लिजेंड ऑफ भगतसिंग', आणि दुसरा बॉबी देओलचा, त्याचं नाव '२३ मार्च १९३१: शहीद'. म्हणजे 'शहीद' शब्द त्यातही आहे. बरं, अजय देवगणवाला ज्याने केला तो राजकुमार संतोषी, ज्याने बॉबीला 'बरसात'मधून आणलं तोच, त्यामुळे दिग्दर्शकाच्या नावावरून जायला गेलं की अजून गोंधळ. शेवटी मी गुरुजींना विचारलं, आझादांचं काम कोणी केलंय आठवतं का? म्हणाले सनी देओल. मग सुटलं, सनीने चंद्रशेखर आझाद केलेत ते बॉबीच्यात, दोघे भाऊ एकत्र. म्हणून हिरोवरून सुटत नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा माणूस विचारा, तो एखाद्याच पिक्चरमध्ये जुळतो.

इंग्रजीचं थोडक्यात सांगते कारण आमच्याकडे कमी लागतात, पण लहान मुलं असतील त्या घरात हे वाचाच. 'फ्रोझन' म्हणून २०१३ चा डिस्नेचा दोन बहिणींचा कार्टून पिक्चर सगळ्या मुलींना हवा असतो, आणि ह्याच नावाचा २०१० चा एक आहे, बर्फाच्या डोंगरावर वरच्या पाळण्यात तिघं अडकतात आणि खाली लांडगे, तो मुलांना दाखवण्यासारखा अजिबात नाही. आपल्याकडचाही एक 'फ्रोझन' आहे, २००७ चा, डॅनी डेन्झोंग्पाचा, लडाखचा, काळापांढरा. 'द ॲव्हेंजर्स' म्हणून १९९८ चा आहे, राल्फ फाइन्स, उमा थर्मन, शॉन कॉनरी, त्यात आयर्नमॅन वगैरे कोणी नाही, आणि ह्याच नावाची जुनी टीव्ही मालिका तिकडे असल्यामुळे मार्वलचा २०१२ चा इंग्लंडमध्ये वेगळं नाव लावून काढला. 'क्रॅश' दोन, १९९६ आणि २००४, ऑस्कर मिळालेला नंतरचा, आणि आधीचा घरात सगळ्यांबरोबर लावायचा नाही. साल बघूनसुद्धा फसायला होतं अशी उदाहरणं आहेत, १९८९ ला 'ब्लॅक रेन' दोन आले, एक मायकेल डग्लसचा आणि एक जपानी, इमामुराचा, हिरोशिमावरचा. २००९ ला एक 'नाइन' शब्दात आणि एक '९' आकड्यात. बोलून शोधणाऱ्याला हा फरक कळणारच नाही.

आता माझी सध्याची पद्धत, गेल्या दोन खेपांना चूक झालेली नाही.

मागणी घेताना मी नुसतं नाव घेत नाही, माणसाला समोर बसवून हिरॉईन आणि कुठे बघितला हे दोन विचारते, आणि आठवत असेल तर एखादं गाणं म्हणायला सांगते. गाण्याचा उपयोग असा की कणकवलीला पोचल्यावर आधी गाणं शोधायचं, गाण्याखाली पिक्चरचं साल असतं, ते धरून पिक्चर शोधायचा. मोठ्या आईचा 'बरसात' तसाच मिळाला, तिने "हवा में उडता जाए" म्हटलं, दोन मिनिटांत साल मिळालं.

मग ॲपमध्ये नाव सापडल्यावर लगेच डाऊनलोडवर बोट ठेवायचं नाही. पोस्टर बघू नका, पोस्टर कापून लहान केलेलं असतं आणि कधी कधी दुसऱ्याच पिक्चरचं असतं. आत जाऊन साल, भाषा, कलाकारांची नावं आणि वेळ बघायची. भाषा मी विसरायचे, 'दशावतार'ला तिथेच चुकले, मूळ भाषा तमिळ असं तिथे लिहिलेलं असणार. 'कोर्ट'लाही भाषा बघा, चैतन्य ताम्हाणेचा मराठी २०१४ चा, वीरा साथीदार असलेला, आणि २०२५ ला त्याच नावाचा तेलुगू आलाय. कलाकारांच्या यादीवर एकट्या विसंबू नका, ह्या याद्यांत एका पिक्चरचे लोक दुसऱ्याखाली गेलेले मी बघितलेत, विशेषतः जुन्या पिक्चरना. यादी आणि साल दोन्ही जुळलं तरच पुढे.

त्यानंतर खरी तपासणी. उतरल्यावर रेंज असलेल्या जागीच पहिलं मिनिट लावून बघायचं, आपल्याकडच्या पिक्चरच्या सुरुवातीला सेन्सॉरचा दाखला येतो, त्यावर पिक्चरचं नाव, भाषा, लांबी आणि तारीख असते, पोस्टर खोटं बोलेल पण तो दाखला नाही. जुना पिक्चर परत पास करून घेतलेला असेल तर तारीख नंतरची दिसू शकते, म्हणून त्याच्या पुढची नावं येईपर्यंत थांबा. फक्त भाड्याने घेतलेला असेल तर हे करू नका! भाड्याच्या पिक्चरला एकदा प्ले केलं की वेळ मोजायला सुरुवात होते, बहुतेक ठिकाणी अठ्ठेचाळीस तास, आणि आपण शनिवारी तपासला आणि सोमवारी रात्री लावायला गेलो तर उघडतच नाही. हे आमचं एकदा झालंय, पिक्चर बरोबर होता आणि तरी बघता आला नाही. भाड्याच्या पिक्चरचा ट्रेलर बघा आणि भागवा. चुकीचा घेतला असं पैसे भरल्यावर पण प्ले करायच्या आधी कळलं तर लगेच तक्रार टाकायची, प्ले केल्यावर ते ऐकत नाहीत, निदान आमचं ऐकलं नाही.

शेवटचं काम म्हणजे वही. फ्रीजवर एक वही ठेवलीय, त्यात बघून झालेल्या प्रत्येक पिक्चरचं नाव, साल, हिरॉईन आणि कोणी मागितलेला हे लिहितो. आता जो कोण कणकवलीला जातो तो वहीच्या पानाचा फोटो काढून नेतो, फोनवर नाव ओरडून सांगणं बंद केलंय, अर्ध्या चुका त्या ओरडण्यातच व्हायच्या.

आप्पांचा 'दशावतार' नंतरच्या आठवड्यात परत आणला. चाकरमानी गेले होते, आम्ही घरातलेच सातजण, टीव्ही आत माजघरात घेतला कारण खळ्यात दव पडत होतं. आप्पा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ न टेकता बसले, मध्ये एकदा पेटीचा आवाज आला तेव्हा मांडीवर बोटं चालत होती. वहीत त्यांनी स्वतः लिहिलंय: दशावतार, २०२५, प्रभावळकर. हिरॉईनचा रकाना रिकामा सोडलाय, तो मी भरला.